गटाला डाळ मिल घ्यायची आहे: ३५ टक्के अनुदान हातात नेमकं कधी पडतं?

मांजराकाठ (कळंब, धाराशिव)

नमस्कार मंडळी. आमचा बाराजणींचा बचत गट आहे, उमेद म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला. २०१७ साली सुरू केला तेव्हा महिन्याला शंभर रुपये बचत होती, आता दोनशे आहे. बैठकीचं रजिस्टर एकदाही कोरं राहिलेलं नाही, लग्नसराईतसुद्धा नाही. फिरता निधी मिळाला, बँकेचं कर्ज दोनदा घेतलं आणि दोनदा फेडलं. तीन वर्षांपासून तुरीची डाळ करून विकतो. आधी जात्यावर भरडायचो, आता तालुक्याला एका मिलवर भाड्यानं भरडून आणतो.

त्या मिलवर काय होतं ते सांगते. आमची तूर बीडीएन ७११, पांढऱ्या दाण्याची. आम्ही ती निवडून, चाळून पाठवतो. नंबर लागेपर्यंत पोती दोन-दोन दिवस पडून असतात. परत येते तेव्हा डाळीत दुसऱ्याच्या लाल तुरीची टरफलं दिसतात. क्विंटलमागं सत्तर-बहात्तर किलो डाळ निघायला हवी, आमच्या हातात चौसष्ट-पासष्ट येते. चुनी, म्हणजे भरडताना निघणारा चुरा आणि टरफलं, मिलवालाच ठेवून घेतो. गेल्या वर्षी मी एक पोतं सुतळीऐवजी हिरव्या दोऱ्यानं शिवून पाठवलं होतं. परत आलेली डाळ आमच्या तुरीची नव्हतीच. त्या दिवशी गटात ठरलं, स्वतःची मिल घ्यायची.

कृषी खात्याच्या शिबिरात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची माहिती मिळाली. शेडसकट अंदाज १८ लाखांवर जातोय. ३५ टक्के अनुदान आहे म्हणतात. गावात एक एजंट येऊन गेला, फाइल करून द्यायचे ४० हजार मागतोय. घरोघरी एकच सूर आहे, सरकारचा पैसा आहे, सोडू नका.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. अनुदान आधी मिळतं की नंतर? ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून शेड होऊ शकतं का? आणि हप्ते थकले तर सात वर्षं सांभाळलेलं गटाचं नाव जाईल, त्याचं काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

---

गोदाकाठ (परभणी)

ताई, मी बँकेच्या ग्रामीण शाखांत २२ वर्षं कर्जाचं टेबल सांभाळलं. त्यामुळे आधी हिशेब मांडतो.

प्रकल्प १८ लाखांचा धरू. १० टक्के तुमचे, म्हणजे १ लाख ८० हजार. उरलेले १६ लाख २० हजार बँकेचं कर्ज. ३५ टक्के अनुदान म्हणजे ६ लाख ३० हजार. ही रक्कम तुमच्या हातात कधीच पडत नाही. ती तुमच्या कर्जखात्याला जोडून बँकेतच वेगळी ठेवलेली असते. तेवढ्या रकमेवर बँक तुम्हाला कर्जाचं व्याज लावत नाही आणि ठेवीचं व्याजही देत नाही. तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं, की ती कर्जात वळती होते. म्हणून कोणी "सहा लाख मिळणार" म्हणालं की त्याला विचारा, कुठल्या तारखेला आणि कुठल्या खात्यात.

जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत. गटाचं प्रकरण असेल तर स्वतःच्या १० टक्क्यांशिवाय खेळत्या भांडवलासाठीही मार्जिन दाखवावं लागतं. तेही आत्ताच मोजून ठेवा.

आता एजंटाचं. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल करणं, पोर्टलवर अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्यांचं काम. प्रत्येक मंजूर कर्जामागं त्यांना सरकारकडून २० हजार रुपये मिळतात, निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे नोंदण्या, परवाने, प्रशिक्षण झाल्यावर. तुमच्याकडून एक रुपया घ्यायचं त्यांना कारण नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात यादी मिळते. तिथंच हेही विचारा की यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का. ते ४० हजार वाचवा, तुमच्या १ लाख ८० हजारांतला जवळजवळ पाव हिस्सा आहे तो.

---

तुळजाई (धाराशिव)

काकांचं बरोबर असेलही, पण मी एजंटाकडूनच फाइल केली आणि मला पश्चात्ताप नाही. मी एकटी बाई, शेवयांचं मशीन घेतलं. कृषी कार्यालय, बँक, नोंदणी, परवाना, तीन महिने चकरा मारल्या असत्या तर रोजगार बुडाला असता. ज्याला वेळ आहे त्यानं चकरा माराव्यात.

---

गोदाकाठ

तुळजाई ताई, तुमची अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण मी काउंटरच्या पलीकडून जे पाहिलं ते सांगतो. एजंटाच्या फाइलीत यंत्राचं कोटेशन त्याच्या ओळखीच्या दुकानाचं असतं आणि विक्रीचा अंदाज त्याच्या मनाचा असतो. मॅनेजर बाईंना विचारतो, "महिन्याला किती क्विंटल भरडणार?" आणि त्या एजंटाकडं बघतात. तिथंच प्रकरण बसतं. जिला आपल्या धंद्याचा आकडा तोंडपाठ आहे तिची फाइल वेडीवाकडी असली तरी निघते. मांजराकाठ ताईंनी वर जे चौसष्ट-पासष्ट किलो लिहिलंय ना, ते बँकेत जसंच्या तसं सांगावं.

---

बालाघाट (बीड)

ताई, माझं डाळ मिलचं नाही, ठिबकचं आहे. पण गोष्ट एकच आहे म्हणून लिहायलोय.

आमचं गाव पोकराच्या पहिल्या टप्प्यात होतं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या मदतीचा, २०१८ पासूनचा. ५,१४२ गावं होती त्यात, आमचं एक. योजना चांगली होती, कोणी नाही म्हणू नये. ग्राम कृषी संजीवनी समितीनं नावं मंजूर केली, आमच्यात कोणी चहासुद्धा मागितला नाही. पूर्वसंमती मोबाइलवर आली. पण पूर्वसंमती म्हणजे पैसे नाहीत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आधी सगळं स्वतः विकत घ्यायचं, बिल बँकेतून चुकतं करायचं, अपलोड करायचं, मग साहेब शेतात येऊन तपासणार, मग खात्यावर.

दुकानदार म्हणाला, तुमच्या हिश्श्याचे आता द्या, बाकीचे अनुदान आल्यावर. मला तो देवमाणूस वाटला. नंतर कळलं, तेच सामान रोखीनं बरंच स्वस्त होतं. तपासणी लांबली, मग पावसाळा लागला. दुकानदाराचा माणूस दर आठ दिवसांनी दारात यायचा. आई त्याला पाणी द्यायची आणि आत जाऊन बसायची.

शेवटी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली, दुकानदाराचे फेडले आणि दिवाळीनंतर आम्ही दोघं नवराबायको कोयता घेऊन कारखान्याला गेलो. अनुदान जमा झाल्याचा मेसेज फडात असताना आला. मोळी डोक्यावर होती. बायकोला वाचून दाखवला तर ती म्हणली, "आता कामून आला?" त्या साली ठिबक रानात होतं आणि रानात माणूस नव्हतं.

अनुदान घ्या ताई. पण ते येईपर्यंतचा काळ कोणाच्या पैशावर काढायचा, हे आधी कागदावर लिहून काढा.

---

हिरवाशालू (लातूर)

बालाघाट भाऊ, वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली.

---

पाणंद (भूम)

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, दुसरी टर्म. तुमच्या शेडच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पंधराव्या वित्त आयोगाचा (मार्च २०२६ पर्यंतचा) पैसा दोन भागांत ठरलेला. ६० टक्के बंधित, तो फक्त पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरच. उरलेला ४० टक्के अबंधित. त्यातून पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेचं काम करता येतं. शेड त्यात बसू शकतं, पण तुमच्या गटाच्या नावावर नाही. ते ग्रामपंचायतीच्या मालकीचं राहणार आणि गटाला भाडेकरारानं मिळणार. करार निदान कर्जाच्या मुदतीएवढा करून घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. सरपंच बदलला की तोंडी शब्द बदलतो, माझ्या गावात बदललेला आहे.

आणि हे होणार कधी? तर आराखड्यात नाव असेल तेव्हाच. आयोग पंधरावा असो नाहीतर सोळावा, ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसलेलं काम निघत नाही. त्या आराखड्याची सुरुवात साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून होते. बालाघाट यांच्यासारखी निम्मी माणसं तेव्हा अजून गावात असतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ती फडात असतात. म्हणून ऑक्टोबर सोडू नका.

एक कायद्याची गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मी स्वतः पाहिलंय, तहकूब सभा अकरा माणसांत झाली आणि वर्षाचा आराखडा मंजूर झाला. पेव्हर ब्लॉक, कमान, हायमास्ट. अकरापैकी एकही बाई नव्हती. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते. तुमच्या बारा आणि गावातल्या बाकीच्या गटांच्या मिळून पन्नास-साठ बायका तिथं बसल्या आणि शेडचा ठराव लिहून घेतला, तर तो ग्रामसभेत डावलणं अवघड जातं. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या.

खर्च कुठं झाला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतं. गावाचं नाव टाका, वर्ष निवडा. मला सदस्य असून ते दोन वर्षं माहीत नव्हतं.

---

सतरासप्टेंबर (छत्रपती संभाजीनगर)

सगळे ३५ टक्के आणि शेडवर बोलताहेत. मूळ दुखणं कोणी बोलत नाही. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ साली राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटींचा. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाला, १६ सप्टेंबर २०२३ रोजी इथंच मंत्रिमंडळाची बैठक होऊन ४५ हजार कोटींच्या वर पॅकेज जाहीर झालं, सिंचनाचे १४ हजार कोटी वेगळे. आपण मात्र बारा बायकांना १ लाख ८० हजार कुठून आणायचे ते शिकवतोय. हक्काचं पाणी आणि हक्काचा पैसा आला असता तर ही वेळ आली नसती. माझे आजोबा रझाकारांच्या काळात तुरुंगात होते. त्यांनी हे पाहिलं असतं तर काय वाटलं असतं, असं मनात येतं.

---

लेंडीकाठ (नांदेड)

सतरासप्टेंबर, तुमचा संताप खरा आहे आणि आकडेही खरे आहेत. अनुशेषासाठी भांडायलाच पाहिजे. पण आलेल्या पैशाचं काय होतं तेही बघा.

आमच्या गावात पिण्याच्या पाण्याला खारटपणा होता. शासनाच्या निधीतून आरओ प्लँट बसला. मोठा कार्यक्रम झाला, फीत कापली. पाच रुपयांत २० लिटर पाणी. दीड वर्ष उत्तम चाललं. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती, रोज संध्याकाळी सायकलला कॅन लावून आणायची. मग मेम्ब्रेन खराब झाली. बदलायला पैसे हवे होते. रोजचे पाच-पाच रुपये जमा झाले होते, पण ते कुठल्या खात्यात होते ते कोणालाच सांगता येईना. नव्या मेम्ब्रेनसाठी निधी मागितला तर उत्तर आलं की योजना नवीन प्लँटसाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. प्लँटच्या खोलीला कुलूप लागलं. मुलगी आता बारावीला आहे आणि गावात जार विकत येतो, २० रुपयांना.

वरून पैसा उभारणीला येतो, चालवायला येत नाही. डाळ मिलचंही तसंच धरा. रोलर झिजणार, मोटार जळणार. पहिल्या महिन्यापासून क्विंटलमागं ठरावीक रुपये दुरुस्तीच्या खात्यात टाका. बाराजणींच्या सह्या त्या रजिस्टरवर घ्या.

---

जालनेकर

लेंडीकाठ यांच्याशी सहमत. आमच्या जिल्ह्यातलं कडवंची बघून या, जमलं तर गटाची सहल काढा. १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली. तो पैसाही बाहेरचाच होता, जर्मन मदतीचा. पण त्या कार्यक्रमाची अटच होती की मजुरीचा काही हिस्सा गावानं श्रमदानातून द्यायचा, आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची. ज्याच्या बांधावर तो स्वतः राबला तो बांध त्यानं फुटू दिला नाही. पुढं शेततळी आली, द्राक्षं आली. कार्यक्रम संपून वीस वर्षं उलटल्यावर मी गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ मला माथ्यावर घेऊन गेले आणि समपातळी चराची एक ओळ दाखवून म्हणाले, ही आमच्या भावकीची. चर गाळानं भरलेला नव्हता.

दुसरं उदाहरण पाटोद्याचं, संभाजीनगरजवळचं, भास्करराव पेरे पाटील सरपंच असतानाचं. पूर्ण घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याला गिरणीवर वर्षभर दळण मोफत. लोक कर भरायला लागले, ग्रामपंचायतीकडं स्वतःचा पैसा आला. ज्या पंचायतीकडं स्वतःचा पैसा आहे तिला अनुदान उशिरा आलं म्हणून काम अर्धवट टाकावं लागत नाही.

---

हळदवाली (वसमत, हिंगोली)

मांजराकाठ ताई, आमचा हळदीचा गट आहे, पावडर करतो. तुमच्यासारखंच सगळं केलंय, म्हणून जिथं आम्ही अडलो तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे तारखा. आमचं कर्ज मंजूर झालं जूनमध्ये. हळद निघते फेब्रुवारी-मार्चला. मशीन आलं तेव्हा बाजारात होती ती महाग हळद. आठ महिने मशीन झाकून ठेवलं आणि हप्ता मात्र चालू. तुमची तूर जानेवारीत येणार. म्हणजे मशीन डिसेंबरात उभं पाहिजे, मंजुरी सप्टेंबरला, फाइल पावसाळ्याच्या तोंडावर. त्यापुढं गेलं तर एक वर्ष थांबा, खरंच थांबा. बँकेकडून हप्ते सुरू होण्याआधीची मुदत मागून घेता येते, तीही मागा.

दुसरं, वीज. थ्री फेज जोडणीच्या कोटेशनचे पैसे भरून आम्ही पाच महिने थांबलो. शेड बांधायच्या आधी खांब कुठं आहे ते बघा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळतं भांडवल. २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव ७,५५० होता. शंभर क्विंटल तूर घ्यायची तर साडेसात लाख रोख लागतात, मिल बाजूलाच राहिली. आम्ही सगळा जीव मशीनला लावला आणि हळद घ्यायला पैसे उरले नाहीत. मग निम्मं वर्ष लोकांची हळद भाड्यानं दळली. त्याच योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजार रुपये बीज भांडवल आहे, एका गटाला जास्तीत जास्त ४ लाख. ते गटांच्या वरच्या ग्रामसंघ-प्रभागसंघामार्फत येतं आणि गटाला कर्ज म्हणूनच मिळतं, फुकट नाही. पण बँकेसारखं तारण मागत नाहीत. आमच्या सीआरपी (उमेदच्या समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी हे सांगितलं तेव्हा मशीनला वर्ष झालं होतं. तुम्ही आधी मागा.

आणि एक विचारते. १८ लाखांचीच मिल कामून पाहिजे? अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळ मिल बघितली का? आधी लहान घ्या, दोन हंगाम काढा.

---

सतरासप्टेंबर

हळदवाली ताई, लेंडीकाठ, तुमचं वाचून मी माझा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचला. आकडे मागे घेत नाही. पण मांजराकाठ ताईंच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं, हे मान्य. वैधानिक मंडळं पुन्हा व्हावीत म्हणून आम्ही काहीजण निवेदन तयार करतोय. दुरुस्तीला पैसा नसल्यामुळे बंद पडलेल्या प्लँटची गोष्ट त्यात घालायची आहे, लेंडीकाठ यांनी परवानगी दिली तर.

---

लेंडीकाठ

घाला. गावाचं नाव नको.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हा धागा मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवला. बालाघाट भाऊंचं वाचताना आमच्यातल्या दोघी उठून बाहेर गेल्या, त्यांची घरंही फडावर जातात.

मग हिशेब केला. गटाची बचत आणि व्याज मिळून २ लाख ९४ हजार आहेत, त्यातले १ लाख १० हजार आपसातल्या कर्जात आहेत. म्हणजे मोकळे १ लाख ८४ हजार. १८ लाखांच्या मिलला स्वतःचा हिस्सा भरला तर हातात चार हजार उरतात. हे कोणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं. आमच्या अध्यक्षबाई बराच वेळ आकड्याकडं बघत होत्या.

ठरलं ते असं. यंदा मोठी मिल नाही. लहान मिलचं कोटेशन दोन ठिकाणांहून स्वतः जाऊन आणायचं. एजंटाला नाही सांगून झालं, तो रागावून गेला. सोमवारी आम्ही तिघी धाराशिवला कृषी कार्यालयात जाऊन संसाधन व्यक्तींची यादी आणि उद्दिष्टाचं विचारणार. बीज भांडवलाचं प्रभागसंघाच्या बैठकीत मांडणार. शेडचा विषय महिला सभेत न्यायचा, त्यासाठी गावातल्या बाकी चार गटांकडं आजपासून फिरायला सुरुवात केली. एका गटानं विचारलं, शेडमध्ये आमच्या शेवयांच्या मशीनला कोपरा देणार का? आम्ही हो म्हणालो. आता ठरावात दोन्ही लिहावं लागेल.

पाणंद दादा, भाडेकराराचा नमुना असेल तर टाका. आणि हळदवाली ताई, चालू असलेली लहान मिल आम्हाला प्रत्यक्ष बघायची आहे. तुमच्या बाजूला आहे का कोणाची?

---

हळदवाली

आहे. आमच्या गावापासून सहा किलोमीटरवर एका गटाची आहे, दुसरा हंगाम चालू आहे त्यांचा. त्यांना फोन केला. शनिवारी सकाळी भरडणार आहेत, म्हणजे शुक्रवारी तुरीला तेल-पाणी लावून ठेवतील. तेच बघण्यासारखं असतं, म्हणून शुक्रवारी दुपारीच या आणि मुक्कामाला माझ्याकडं राहा. सोबत तुमची पाच किलो बीडीएन ७११ आणा. तुमच्या तुरीची डाळ किती पडते ते तुमच्या समोरच काट्यावर बघू. चुनीचा भावही विचारून ठेवते.